रक्तगट विचारता, मग सिकलसेल का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपुरातल्या वधू-वर परिचय मेळाव्यांच्या पुस्तिकांत गोत्र, नाडी, उंचीच्या ओळीत आता रक्तगटही छापून येतो. त्याला माझी हरकत नाही. पण लोक तो नाडीसारखाच वाचतात. एक नाडी नको, तसा एक रक्तगटही नको! "दोघंही बी पॉझिटिव्ह आहेत, जमत नाही" असं म्हणून चांगली स्थळं परत पाठवतात. याला वैद्यकशास्त्रात काडीचा आधार नाही. ओ आणि बी हे आपल्याकडे सर्वाधिक आढळणारे गट. एकच गट म्हणजे नातं नव्हे. खरी काळजी मामाच्या मुलीशी लग्न लावताना करायची, तिथे मात्र कुणी काही विचारत नाही.

दुसरा घोळ मूल झाल्यावर होतो. आई-वडील दोघं बी आणि बाळ ओ निघालं की घरात कुजबुज सुरू होते, आणि बोट नेहमी सुनेकडेच. वास्तविक रक्तगटाचं एक जनुक आईकडून येतं, एक वडिलांकडून. ए आणि बी दोन्ही आपला प्रभाव दाखवतात, ओ त्यांच्याखाली झाकला जातो. अहवालात 'बी' लिहिलेला माणूस आतून बी-बी असेल किंवा बी-ओ. साध्या तपासणीत ते कळत नाही. दोघंही बी-ओ असतील तर प्रत्येक वेळी ओ गटाचं मूल होण्याची शक्यता चारात एक. एक जण ए, दुसरा बी असेल तर मूल चारांपैकी कोणत्याही गटाचं असू शकतं. एबी आणि ओ यांचं मूल तर ए किंवा बी होतं, म्हणजे दोघांपैकी कुणासारखंच नाही! दोन पॉझिटिव्ह पालकांचं मूल निगेटिव्ह निघणं हेही असंच.

ओ आणि ओ यांना मात्र ओच मूल व्हायला हवं. तरी तिथेही न्यायाधीश होऊ नये. 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला. अशा माणसाकडे ए किंवा बीचं जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो, मुलांत मात्र ते जनुक प्रकट होऊ शकतं. गट दुर्मीळ आहे, पण आपल्याच राज्यात सापडलेला आहे.

रक्तगटात लग्नाच्या दृष्टीनं लक्ष द्यावं अशी एकच गोष्ट: पत्नी निगेटिव्ह, पती पॉझिटिव्ह. त्यासाठीही स्थळ नाकारायचं कारण नाही. डॉक्टरांना आधी सांगावं. साधारण 28व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर 72 तासांत अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ न देणारं) देतात. गर्भपात झाला तरी ते विसरू नये.

जे विचारायला हवं ते या पुस्तिकांत नसतं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि तो एखाद्या रक्तगटाशी बांधलेला नाही. त्याचं एकच जनुक असलेला वाहक धडधाकट असतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची: हाडं-सांधे फोडून काढणारं दुखणं, वारंवार संसर्ग, रक्त चढवणं. "आमच्यात नसतं ते" हे उत्तर मी सुशिक्षित घरांतही ऐकलं आहे. तपासणीवाचून हे ठरवलं कुणी?

पुस्तिकेत मात्र सिकलसेल छापू नये असं माझं मत आहे. आपल्या समाजात त्याचा शिक्का मुलीवरच बसेल. मंडळांनी अर्ज घेतानाच तपासणीचा आग्रह धरावा आणि सुपारी फुटण्याआधी दोन्ही घरांनी अहवाल एकमेकांना दाखवावेत, मुलाचाही. मेयो, मेडिकल या सरकारी रुग्णालयांत जायला आपल्याला काय अवघड आहे? दोघं वाहक निघाले आणि तरी लग्न करायचं ठरलं, तर तो त्यांचा अधिकार आहे. गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यात वारेच्या पेशी तपासून बाळाला आजार आहे का हे कळतं. फक्त ते डॉक्टरांना आधी माहीत असायला हवं.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर