खालच्या मजल्यावरच्या चित्रकार पोरीला, थँक्यू गं!

अगं, तोंडावर थँक्यू म्हटलं असतं तर तू "काय हो काकू" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. पन्नाशीनंतर जलरंग घेऊन बसायची हौस आलेले माझ्यासारखे बरेच जण असणार, वाचतील तेही.

माझी यादी आठवते ना? व्हिडिओ बघून बघून केलेली, छत्तीस रंगांचा डबा, ब्रशचा मोठा सेट, लाकडी इझल (चित्र ठेवायचा स्टँड) आणि काय काय. तू पेन घेतलंस आणि एकेकावर काट मारत सुटलीस, मग बजेट विचारलंस आणि म्हणालीस यातले निम्मे पैसे कागदाला. मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय! पण मग तू घरून दोन तुकडे आणलेस, एक साध्या ड्रॉइंगबुकातला आणि एक ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), १०० टक्के कॉटनचा, आणि दोन्हीवर तोच निळा वॉश, म्हणजे पातळ पाणीदार रंगाचा थर, मारलास. ड्रॉइंगबुकवाला लगेच फुगला, खळग्यांत पाणी साचलं, वाळल्यावर नुसते डाग. कॉटनवाल्यावर रंग आरामात पसरला, आणि तो ओला असतानाच तू खालून करडा रंग सोडलास तर चक्क ढग तयार झाला. ते बघितल्यावर माझा वाद संपला. महाग आहे गं तो कागद, पण २२ बाय ३० इंचाची फुल शीट घेऊन तिचे आठ तुकडे करायचे हे तूच सांगितलंस त्यामुळे परवडतं, आणि रंगांचे तक्ते, ब्रशचे फटकारे वगैरे सरावाला स्वस्तातला सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा कागद चालतो. पृष्ठभाग कोल्ड प्रेस, म्हणजे जरा खरखरीत, घ्या म्हणालीस, हॉट प्रेस एकदम गुळगुळीत असतो, त्यावर नवख्या माणसाला वॉश सांभाळत नाही.

आणि पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवायचा, हे तर कुठल्याच व्हिडिओत नव्हतं! आपल्याकडच्या दमट हवेत कागदावरचं सायझिंग, म्हणजे रंग एकदम शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप, खराब होतं आणि मग तो टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो.

रंगांचं म्हणशील तर छत्तीसचे सात केलेस. लेमन यलो, गॅम्बोज (गडद पिवळा), व्हर्मिलियन, क्रिमसन (हे दोन लाल), अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू (हे दोन निळे) आणि बर्न्ट सिएना (तपकिरी), कॅमलच्या छोट्या ५ मिलीच्या ट्यूबा. (कॅमल म्हणजे आपल्या दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या कंपनीचं, त्यामुळे मला तर माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं.) पांढरा आणि काळा नको म्हणालीस तेव्हा मी जरा हिरमुसले होते. पण अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घातला की असा काही करडा येतो ना, पावसाळी आभाळ, ओला डांबरी रस्ता, सगळं त्यातच होतं, आणि पांढरं हवं तिथे कागदच कोरा सोडायचा. हिरवाही विकत घेऊ दिला नाहीस. प्रशियन आणि लेमन यलोचा कोवळा पोपटी, अल्ट्रामरीन आणि गॅम्बोजचा जुन्या आंब्याच्या पानासारखा, एवढ्यावर आमची बाल्कनी रंगवून होते. ट्यूब आतून वाळली तरी फेकायची नाही, कापून पॅलेटमध्ये ठेवायची, पाण्याचा ब्रश लावला की रंग परत सुटतो, हे ऐकून माझ्यातली काटकसरी बाई फार सुखावली.

ब्रश फक्त तीन. राउंड १२ नंबर, राउंड ६ आणि एक इंची फ्लॅट, सगळे सिंथेटिक. दुकानात पाणी मागून घ्या म्हणालीस, नव्या ब्रशला गोंद लावलेला असतो म्हणून सगळेच टोकदार दिसतात, तो धुवायचा, झटका द्यायचा, तरी टोक जुळलं तर घ्यायचा. मी खरंच मागितलं पाणी! दुकानदाराने बघितलं माझ्याकडे, पण दिलं. आणि नंबर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, एकीचा १२ दुसरीच्या १० एवढा भरतो, म्हणून डोळ्याने बघूनच घेतले. रंगवून झालं की ब्रश बरणीत उभे ठेवायचे नाहीत, टोक वाकतं आणि केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या आतला गोंद सुटतो, आडवे वाळवायचे, हे मी आता नातवालासुद्धा ओरडून सांगते.

बाकीचं सगळं तू माझ्या घरातूनच काढलंस. चिनी मातीची पांढरी बशी हेच पॅलेट, स्टीलच्या ताटलीत रंग नीट कळत नाही, ती चमकते. पाण्याच्या दोन बरण्या, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याला. जुन्या सुती साडीचा तुकडा, ब्रशमधलं जास्तीचं पाणी टिपायला. इझलऐवजी लेकाचं परीक्षेचं पॅड, त्याच्या एका कडेखाली जाड पुस्तक, म्हणजे वॉश आपोआप खाली ओघळतो. विकत घेतली ती फक्त कागद पॅडला चिकटवायची मास्किंग टेप, आणि ती काढताना हळू, कडेला तिरकी ओढत काढायची, नाहीतर कागद सोलून येतो.

कॉलेजच्या सबमिशनच्या धावपळीत तू दुपारच्या दुपार माझ्या टेबलाशी बसलीस, तुझ्या शीटमधले चांगले तुकडे मला कापून दिलेस आणि पैसे म्हटलं की पळून गेलीस. ते पैसे मी तुझ्या आईकडे दिलेत, आता भांडायचं तर तिच्याशी भांड.

आणि हो, एक विचारायचं राहिलंय. खारीच्या केसांचा तो गुबगुबीत मॉप ब्रश, पाणी खूप धरतो म्हणतात, तो आता घेऊ का अजून थांबू? दिवाळीत आलीस की सांग, तोपर्यंत नाही घेत.

तुझी वरच्या मजल्यावरची काकू