पप्पांची वही आणि माझे ९७ तुकडे

प्रिय पप्पा, आई आणि ओम्या (ओम्या, शेवटपर्यंत वाच, यातलं निम्मं तुझ्या व्हिडिओबद्दलच आहे),

परवा ग्रुपवर तुम्ही माळ्यावर सापडलेल्या त्या वहीचा फोटो टाकलात ना पप्पा, तेव्हा मी बसमध्ये होते, बाहेर बर्फाचा चिखल आणि आत मी एकटीच हसतेय. लग्नाच्या शूटिंगच्या कॅसेटमधला कुठला सीन व्हीसीआरच्या कितव्या काउंटर नंबरला आहे ते तुम्ही लिहायचात ती वही! "०४१२ वरमाला. ०४५५ नवरीचा मामा डोळे पुसतो, छान. ०५३० पंगत, नको." अक्षर अजून तस्संच आहे तुमचं. फोनवर बोलायला गेलं की तुमच्याकडे सकाळची घाई नाहीतर माझ्याकडे झोप, आणि ओम्या मधेमधे बोलतो, म्हणून आज रविवारी निवांत टाईप करत बसलेय.

आधी आईसाठी, कारण ती सारखी विचारते की सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपला चिकटून मी करते तरी काय. आई, जपानी कार्टूनमधले तुकडे काढायचे आणि ते एखाद्या गाण्यावर असे बसवायचे की त्यातून भलतंच काहीतरी तयार झालं पाहिजे, त्याला एएमव्ही म्हणतात, अॅनिमे म्युझिक व्हिडिओ. आणि कार्टून म्हणून नाक मुरडू नकोस हां, १९९३ ला रविवारी सकाळी दूरदर्शनवर तुम्ही सगळे जो मोगली बघत बसायचात तो जपानीच होता, निप्पॉन अॅनिमेशनने केलेला, हिंदी आवाज आणि टायटल साँग तेवढं आपल्याकडचं. इथे बोस्टनला तर अॅनिमे बोस्टन म्हणून जत्राच भरते, हाइन्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, आणि तिथे या व्हिडिओंची स्पर्धा असते, मोठ्या हॉलमध्ये अंधार करून दाखवतात.

पप्पा, तुम्हाला एक गोष्ट सांगायचीच होती. हे सगळं सुरू कुणी केलं तर जिम कपोस्तास नावाच्या अमेरिकन पोराने, १९८२ ला, वय वर्षं २१. त्याने काय केलं, दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले, स्पेस बॅटलशिप यामातो या अंतराळयुद्धाच्या अॅनिमेमधली सगळ्यात मारामारीची दृश्यं उचलली आणि ती बीटल्सच्या 'प्रेम असलं की झालं' टाइपच्या गाण्यावर लावली. दोन व्हीसीआर! म्हणजे आपल्या दुकानात मागच्या खोलीत होते तेच, एकावर प्ले दुसऱ्यावर रेकॉर्ड, आणि कॉपीची कॉपी केली की रंग उडून सगळे वऱ्हाडी कावीळ झाल्यासारखे दिसायचे ते. पण बघा ना, त्याने कापाकापीत काही जादू केली नव्हती, जादू होती ती काय उचललं यात. चित्रं युद्धाची आणि गाणं प्रेमाचं, झाला जोक.

म्हणूनच त्या दिवशी तुम्ही ओम्याचा व्हिडिओ बघून जे म्हणालात ना, "त्यात काय एवढं, चांगले चांगले सीन घ्यायचे आणि गाण्यावर चिकटवायचे", ते मला लागलंच जरा. तुम्ही म्हणावं असं? तुमच्या वहीत तर पंगतीपुढे चक्क "नको" लिहिलंय!

ओम्या, तुझंच सांगते आता, रागावू नकोस. तू सगळ्या भारी फायटी गोळा केल्यास आणि पहिल्या चाळीस सेकंदात संपवून टाकल्यास, मग पुढचे अडीच मिनिटं बघणाऱ्याने काय करायचं, नुसत्या श्रीखंडाच्या वाट्या पुढे ठेवल्यासारखं झालं, पुरी कुठाय? दुसरं, प्रत्येक ठोक्याला कट. आणि गाण्यात पाऊस म्हटलं की पाऊस, आग म्हटलं की आग, हे एकदा केलंस तर लोक हसतील, सहाव्यांदा केलंस की जांभई. शेवटी शेवटी तुझे कट गाण्याच्या मागे पडायला लागलेत, त्यात मात्र तुझी चूक नाही, तू फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग केलंयस आणि त्यात फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) ते, एकसारखा राहत नाही, म्हणून एडिटिंगला घेतलं की आवाज आणि चित्र हळूहळू फाटत जातं. मी इथे डिस्क विकत घेते आणि एडिटिंगच्या आधी सगळं अशा फॉरमॅटमध्ये करून ठेवते ज्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते, फाईल अवाढव्य होते पण एकेक फ्रेम मागेपुढे करताना अडकत नाही.

आता माझा कसा झाला ते सांगते, तो हायक्यूवाला, म्हणजे हायक्यू नावाच्या व्हॉलीबॉलच्या अॅनिमेचा. ओम्याला माहितीये, तुम्हा दोघांसाठी: हिनाता नावाचा एक बुटका पोरगा, उंची १६२.८ सेंटिमीटर, पण उडी अशी की बस, आणि कागेयामा नावाचा खडूस पण हुशार सेटर (म्हणजे मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा), दोघं एकाच शाळेच्या टीममध्ये येतात. टीव्हीवर चार सीझन, मिळून ८५ एपिसोड. टायटल वगैरे काढलं तरी अठ्ठावीसेक तासांचं मटेरियल आणि माझं गाणं तीन मिनिटांचं. तर मी पहिले दोन आठवडे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलंच नाही. आधी फक्त गाणं ऐकलं, बसमध्ये, भांडी घासताना, आणि कागदावर लिहिलं की कुठे शांत आहे, कुठे चढतं, कुठे अचानक सगळं थांबून फक्त आवाज उरतो. मग एका वाक्यात गोष्ट ठरवली: जो नेटच्या पलीकडे होता तो अलीकडे येतो. बास. यात जे बसत नाही ते कितीही देखणं असलं तरी बाहेर.

मग वही. माझी वही म्हणजे एक्सेल शीट आहे पण आहे ती तुमचीच. फक्त मी "कोण आहे" हे जवळपास लिहितच नाही, ते दिसतंच. मी लिहिते बॉल कुठून कुठे जातो, डावीकडून उजवीकडे का उलटा, माणूस कुठे बघतोय, तोंड बंद आहे का, उजेड कसला आहे, आणि हात बॉलला नेमका कितव्या फ्रेमला लागतो. दिशा लिहायचं कारण असं की एका तुकड्यात बॉल उजवीकडे सुटला आणि पुढच्या तुकड्यात परत उजवीकडूनच आत आला तर डोळ्याला ठेच लागते, बघणाऱ्याला कळत नाही काय चुकलं पण काहीतरी खटकतं. मग वाटतं चित्र आरशासारखं उलटं करू, सोप्पंय. पण हिनाताच्या जर्सीवर १० नंबर आहे, तो उलटा होतो आणि हॉलमधले पंचवीस जण लगेच ओरडतात. म्हणून उलटं करायचं तर जर्सीचा नंबर दिसत नाही असाच तुकडा शोधावा लागतो, आणि तो शीटमध्ये लिहिलेला असला तरच सापडतो.

तोंडाचं तर विचारूच नका. अॅनिमेमध्ये बोलताना तोंड बंद, अर्धवट, उघडं असं दोन-तीन चित्रांवरच हलवतात, आणि सगळ्यात भावनेचे क्लोजअप नेमके बोलतानाचे असतात. ते गाण्यावर ठेवले की कॅरेक्टर गाणं म्हणतोय असं तरी वाटतं नाहीतर मुका झालाय असं. आठवतं का पप्पा, त्या एका लग्नात तुम्ही मंगलाष्टकांवर सिनेमाचं गाणं टाकलं होतं आणि भटजीकाकाच प्रेमगीत गातायत असं दिसत होतं, नवरदेवाचा बाप हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला होता? तसं. मी काय करते, बोलायला सुरुवात होण्याआधीची जी अर्धी सेकंद असते, श्वास घेतलाय, भुवई हलली आहे पण ओठ अजून मिटलेले, तेवढीच उचलते. नाहीतर बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याचा चेहरा घेते. तुमचा तो डोळे पुसणारा मामा काय आहे, ऐकणाराच ना.

तालाचं गणित सोपं आहे. माझं गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं, अॅनिमेच्या सेकंदाला २४ फ्रेम (खरं म्हणजे २३.९७६, आपल्याकडच्या लग्नाच्या कॅसेटला २५), म्हणजे एका ठोक्याला १२ फ्रेम. पण कट ठोक्यावर टाकायचाच असं नाही, त्यापेक्षा तुकड्याच्या आतली हालचाल ठोक्यावर आणायची, हात बॉलला लागला तो फ्रेम ठोक्यावर, बूट जमिनीवर घासला तो ठोक्यावर, कट कुठेही असू दे. हे बसलं की अंगावर काटा येतो. आणि स्लो मोशन, जे तुम्ही वरमालेला हमखास टाकायचात, ते इथे चालत नाही. कॅमेऱ्याने टिपलेल्या माणसाचा प्रत्येक फ्रेम वेगळा असतो, पण अॅनिमेमध्ये एकेक चित्र दोन-दोन तीन-तीन फ्रेम तसंच ठेवलेलं असतं, म्हणजे सेकंदाला बारा नाहीतर आठच चित्रं, ते ताणलं की एसटीसारखं गचके खात जातं. सॉफ्टवेअर मधली चित्रं स्वतः बनवून देतं, पण मग हाताची बोटं रबरासारखी वितळतात. त्यामुळे गाणं जिथे संथ आहे तिथे मुळातच संथ असलेलं काहीतरी शोधायचं, संध्याकाळचा रिकामा रस्ता, जिमच्या खिडकीतला उजेड, जमिनीवर पडलेला बॉल. माझ्या शीटमधले असे "काहीच होत नाही"वाले तुकडे शेवटी सगळ्यात जास्त कामाला आले.

पहिल्या फेरीत सहाशेच्या वर तुकडे निघाले, मग अडीचशे, शेवटी ९७. हिनाताची एक चार सेकंदांची उडी आहे, मला इतकी आवडते की मी ती पहिल्याच कडव्यात टाकली होती, आणि त्यानंतरचं सगळं फिकं. आठवडाभर मी बाकीचेच तुकडे बदलत बसले, हे नको ते घे, मग एका रात्री कळलं की बाकीच्यांचा दोष नाहीये, उडी लवकर येतेय. ती उचलून २:२० ला नेली, जिथे गाणं थांबतं, आणि तिच्याआधी दोनदा तो उडी मारायला धावतो आणि मी कट करते. म्हणजे दोनदा नाही द्यायची, तिसऱ्यांदा द्यायची.

आणि आई, तुला आठवतंय, मी व्हिडिओ कॉलवर तुला आवाज बंद करून दाखवला होता आणि विचारलं होतं काय चाललंय सांग? तू म्हणालीस, "हे दोघं भाऊ आहेत ना, धाकटा रुसलाय, मोठा समजावतोय." मी डोकंच धरलं. पण तुझं बरोबर होतं, मी जे दाखवलं होतं त्यातून तेच दिसत होतं, मला सिरीज पाठ असल्याने मी नसलेली गोष्ट मनातनं भरत होते. मग मी सुरुवातीला त्यांची शाळेतली पहिली मॅच घातली, दोघं एकमेकांच्या विरुद्ध, मधे नेट. दोन तुकडे, मिळून साडेतीन सेकंद. नंतर इथल्या एका मैत्रिणीला दाखवला, तिने हायक्यूचं नावही ऐकलेलं नाही, तिला बरोबर कळलं.

एवढं करून एका स्पर्धेत मी पहिल्याच छाननीत बाहेर. का, तर सिरीजच्या टायटलमधला एक तुकडा घेतला होता आणि त्यात कोपऱ्यात नावांची पाटी जेमतेम पाऊण सेकंद दिसत होती, नियमात स्पष्ट लिहिलेलं की सबटायटल आणि पाट्या चालणार नाहीत. डिस्कवर पाटी नसलेलं टायटल वेगळं दिलेलं असतं, माझ्याकडे होतं, पण मी उघडून बघितलं नाही. आता शीटमध्ये एक नवीन कॉलम केलाय, "अक्षरं आहेत का".

ओम्या, तू पुढचा फक्त एक मिनिटाचा कर. आणि आधी लिही, मला शीटचा फोटो पाठव, व्हिडिओ नको.

पप्पा, आता तुमच्याकडे काम आहे. पुढच्या व्हिडिओला मला इंग्रजी गाणं नकोय, हलगी हवी आहे. ती सुरू होते सावकाश आणि चढत चढत जाते, मिनिटाला अमुक ठोके असं काही नसतंच, म्हणजे बारा फ्रेमचं गणित गेलं चुलीत, प्रत्येक ठोक्याला हाताने मार्कर टाकावा लागेल, पण व्हॉलीबॉलच्या शेवटच्या सेटला ती काय वाजेल! तुम्ही गावच्या यात्रेचं शूटिंग केलं होतं ना, मी चौथीत असताना, त्यात कुस्तीच्या मैदानावर हलगीवाले बराच वेळ वाजवत होते. वहीत बघा, काउंटर नंबर लिहिला असेलच. कॅसेट सापडली तर आधी झाकण उघडून टेपवर पांढरी बुरशी आहे का बघा, असली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल. नुसता फोटो काढून पाठवा, मग काय करायचं ते बघू.

आई, मेतकूट संपलंय.

तुमची,
पिंकी