ताई, हे सगळ्यांसमोर लिहायचंच होतं

ताई, नमस्कार. थीसिसच्या आभारात नाव घालू नको म्हणालात म्हणून इथेही टाकत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

सोलापुरात आमच्याकडे सेल कल्चर आहे, साधा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपही आहे, पण फ्लुरोसन्सचा लाइफटाइम (उजेड पडल्यावर रेणू चमकायला सरासरी किती वेळ घेतो ते) मोजायची सोय नाही आणि माझं सगळं काम तिथंच अडलेलं. दोन प्रोटीन सेलमध्ये खरंच एकमेकांना चिकटतात का हे बघायचं, म्हणून एकाला ईजीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन लावलं नि दुसऱ्याला एमचेरी हे लाल. नुसत्या उजेडावरून काही कळत नाही, कारण एका सेलमध्ये प्रोटीन भरपूर बनतं, शेजारच्या सेलमध्ये कमी. लाइफटाइमला त्याच्याशी देणंघेणं नाही. ईजीएफपी एकटं असेल तर साधारण 2.5 नॅनोसेकंद, आणि एमचेरी 10 नॅनोमीटरच्या आत आलं की एनर्जी तिकडे जाते (यालाच फ्रेट म्हणतात) नि आकडा खाली येतो.

सेल्स फिक्स करून, म्हणजे रसायनानं मारून जशाच्या तशा टिकवून, कुरियर करू का विचारलं तर तुम्ही म्हणालात नको, फिक्स केल्यानं लाइफटाइम बदलू शकतो, जिवंतच आण. फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियमनं भर, झाकणाला पॅराफिल्म लाव, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ये म्हणजे ऊन चढायच्या आत पुणं गाठशील, हे सगळं फोनवर तुम्हीच सांगितलंत. आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहितीये, सेल्स मांडीवर घेऊनच बसले होते. रात्रभर त्या तुमच्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्यात, डिश, गॅस, 37 डिग्रीचं स्टेज सगळं आधीच तयार.

दुसऱ्या दिवशी माझ्या सेल्सना हात लावायच्या आधी तुम्ही फ्लुरोसीन, म्हणजे लाइफटाइम आधीच माहीत असलेला रंग, मोजून 4 नॅनोसेकंद येतायत ना हे बघितलंत. मग मीडियम बदलायला लावलंत, कारण त्यातलं रायबोफ्लेविनसुद्धा हिरव्यातच चमकतं. आणि लेझर इतका कमी ठेवलात की स्क्रीनवर सेल जेमतेम दिसत होती. का, तर प्रत्येक पल्सनंतर मशीन पहिला फोटॉन तेवढा नोंदवतं, फोटॉन जास्त झाले की उशिरा येणारे गळतात आणि लाइफटाइम खोटाच कमी दिसतो, म्हणजे फ्रेट नसताना फ्रेट दिसणार! लेझरच्या 40 मेगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 4 कोटी पल्सना, 1 टक्का म्हणजे सेकंदाला 4 लाख फोटॉन, त्याच्या वर जायचं नाही, हे तुम्ही माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून दिलंत. हे कुठल्याच पेपरच्या मेथड्समध्ये मला इतकं सरळ सापडलं नव्हतं.

नुसत्या ईजीएफपीच्या सेल्स आधी, जोडीच्या नंतर, हा क्रमही तुमचाच, आणि म्हणूनच जोडीत जी घट दिसली तिच्यावर माझा आज विश्वास आहे. तुमचं स्वतःचं काम बाजूला ठेवून रात्री उशिरापर्यंत शेजारी बसून राहिलात, ना ओळख ना पाळख, एका ईमेलवर. एवढं कोण करतं हो?

वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स आमच्या ज्युनियर पोरींनाही दिलीये. रॉ डेटा आज रात्री पाठवते, आणि शेंगाचटणी पुढच्या खेपेला घेऊन येते, नको म्हणू नका.