माळ्यावरचे पाच खोके

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

आई, रविवारी तू फोनवर म्हणालीस की इमारत पाडायला घेणार, भाड्याच्या घराला माळा नाही, म्हणून बाबांनी त्यांच्या रेडिओ सेटचे उरलेले चारही खोके भंगारवाल्याला द्यायचं ठरवलंय. मागून बाबांचा आवाज आला, "एकसुद्धा सेट पुरा झाला नाही माझ्या हातून. ठेवून करायचंय काय?" तेव्हा मला काही बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय. आधी भंगारवाल्याला नको म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

दिवाळीत मी तीन नंबरचा खोका इकडे बंगळूरला आणला, तो नुसता आठवण म्हणून नव्हता आणला. बाबा, त्यातला तुमचा बिटएक्स, तो ऐकायचा-बोलायचा रेडिओ सेट, मी सुरू केला. रिसीव्हर बोलतोय!

तो सेट तुम्ही कशासाठी जमवायला घेतला होता ते मला माहीत आहे. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, तेव्हा हॅम मंडळी, म्हणजे तुमच्यासारखे हौशी रेडिओवाले, आपापले सेट घेऊन तिकडे गेली आणि त्यांनी निरोप पोचवले. तुमच्याकडे हॅमचं व्हीयू-टू लायसन्स होतं, पण उचलून नेता येईल असा सेट नव्हता. त्याची रुखरुख तुम्हाला किती वर्षं होती! बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा सेट हाताने करायचा, हे तेव्हापासून डोक्यात. पुढे हैदराबादच्या अश्हर फरहान (व्हीयू२ईएसई) यांचा बिटएक्स आला. आपल्याकडच्या गल्लीबोळात मिळणाऱ्या सुट्या भागांतून एसएसबीचा, म्हणजे आवाजात बोलायचा, अख्खा सेट. साताऱ्याहून एसटीने पुण्याला जायचं, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं पालथी घालायची आणि संध्याकाळी कागदाच्या पुड्या घेऊन परत. मला वाटायचं, बाबा खाऊ आणतायत.

त्या पुड्यांतल्या दहा मेगाहर्ट्झच्या वीस क्रिस्टलांपैकी सोळा अजून थर्माकोलच्या तुकड्यात टोचलेले आहेत. प्रत्येकाखाली पेन्सिलीने त्याचा मोजलेला आकडा, आणि ज्या चौघांचे आकडे सगळ्यात जवळ आले त्यांच्या रिकाम्या जागेभोवती गोल. ते चार फिल्टरमध्ये बसलेत. तुम्ही मला सहावीत शिकवलेलं गणित आठवतं? आकाशातून सात मेगाहर्ट्झ येतात, आपण घरी तीन तयार करायचे, बेरीज दहा. हे चौघे दारात उभे, दहा सोडून कोणाला आत घेत नाहीत. आणि खंबाटकीचं उदाहरण: तिकडे पुण्याला जायला बोगदा, यायला घाट, इथे मात्र जाणं-येणं एकाच बोगद्यातून. ऐकताना आणि बोलताना तोच फिल्टर, तेच अँप्लिफायर, फक्त दिशा उलटी. पुढे इंजिनिअरिंगला हेच सुपरहेटरोडाइन या नावाने शिकवायला तास घेतले, पण मला ते सहावीतच कळलं होतं.

आणि ते "पंखा बंद कर!" मे महिना, घामाच्या धारा, आजी पदराने वारा घेतेय आणि तुम्ही सेटवर वाकलेले. पंखा लावला की तुमचे "तीन" सरकायचे आणि माणसाच्या आवाजाचं बदक व्हायचं. बंद केला तरी दहा मिनिटांत पुन्हा बदक. तुम्ही कॉइलला मेण लावलंत, कॉइल पुन्हा गुंडाळलीत, आणि मग एक दिवस झाकण लावून खोका वर ठेवलात. मला राग यायचा तुमचा. सुरू करतात आणि सोडून देतात, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

मागच्या महिन्यात मी सेट बॅटरीला जोडला आणि ते "तीन" तयार करणाऱ्या ऑसिलेटरमधल्या एकेका कपॅसिटरजवळ सोल्डरिंग आयर्नचं टोक नेलं, न टेकवता. कॉइलजवळ काही विशेष नाही. पहिला कपॅसिटर, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याजवळ टोक नेलं आणि शिट्टी घसरगुंडीवरून घसरावी तशी खाली आली. साधी तपकिरी डिस्क, गरम झाली की बदलणारी. बाबा, तुम्ही असल्या जागी डिस्क लावणारे नाही. मग खोक्याच्या तळाशी चिठ्ठी सापडली, तुमच्या अक्षरात: "स्टायरो ४७० – आईच्या रेडिओला. तात्पुरती डिस्क."

आजीचा रेडिओ! सांगली आकाशवाणी लागेना म्हणून ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. तुम्ही सेटमधला चांगला स्टायरो कपॅसिटर काढून तिला लावलात. तो तिच्याकडेच राहिला, ती गेली तोवर.

मग मी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. "ट्रान्सफॉर्मर – मनीच्या विज्ञान प्रदर्शनाला." "३०५५ ट्रान्झिस्टर दोन – वरच्या मजल्यावर, इन्व्हर्टर." "मीटर – शाळेला दिला." चासीला, म्हणजे सेटच्या सांगाड्याला, भोकं पाडलेली, कडा कानशीने घासलेल्या, स्क्रू जागेवर, आणि मधली वस्तू नाही. बाबा, हे सेट अर्धे राहिले कारण त्यांचे भाग घराला लागले. माझं प्रदर्शनातलं पहिलं बक्षीस तुमच्या पॉवर सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरवर आलंय आणि मला ते आज कळतंय.

इथल्या एस. पी. रोडला स्टायरो मिळाला नाही, म्हणून उष्णतेने न बदलणारा एनपी-झिरो कपॅसिटर आणून लावला. गच्चीवर दहा-दहा मीटरच्या दोन बाह्यांचा डायपोल अँटेना टाकला. परवा सकाळी सात मेगाहर्ट्झवर दोघे मराठीत बोलत होते, एक जण तार आंब्याला बांधल्याचं सांगत होता. वीस मिनिटं ऐकलं. पंखा पाचवर होता. आवाज जागचा हलला नाही.

आई, तुझं ताट मी विसरलेले नाही. सर्किट बोर्ड करताना फेरिक क्लोराइडने त्याला खड्डे पडले तेव्हा तू तीन दिवस बाबांशी बोलली नव्हतीस, आणि तेच ताट आजही तुळशीच्या कुंडीखाली आहे. माळा तू इतकी वर्षं आवरलास, खोके एकदाही हलवले नाहीस. आता एवढंच कर: उरलेले चारही खोके तुझ्या जुन्या साड्यांत गुंडाळून ठेव, मी गाडी घेऊन येते.

बोलायची बाजू अजून बाकी आहे. आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर बसवलाय, पण त्याच्या बायसचा करंट किती ठेवायचा ते तुमच्या पिवळ्या वहीत असणार. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक सोल्डर दिसत नाही म्हणता, तर तुम्ही खुर्चीत बसून सांगा, आयर्न मी धरते. मी हॅम लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परीक्षेची तयारी करतेय, त्याला मोर्स लागत नाही. पण माझं लायसन्स येईपर्यंत माइकचं बटण तुम्हीच दाबायचं. पहिला सीक्यू, "कोणी ऐकतंय का" ही हाक, तुमच्याच कॉलसाइनने जाऊ दे.

वीस तारखेला शुक्रवारी रात्री निघते, शनिवारी सकाळी पोचेन. पिवळी वही कुरिअरने पाठवू नका, हातातच घेईन. आणि बाबा, थर्माकोलमधले उरलेले सोळा क्रिस्टल तसेच आहेत, आणि चार नंबरच्या खोक्यातल्या चासीत फिल्टरची जागा रिकामी दिसली होती. ती कशासाठी ठेवली होती?

तुमची,
मनी