स्वभाव आणि आजार: श्रीधरला पत्र

पर्वती पायथा, पुणे
2 डिसेंबर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

भाचा लहानपणापासून हळवा आणि एकलकोंडा, म्हणूनच त्याला सायकोसिस, म्हणजे भास आणि भलते संशय खरे वाटू लागण्याचा आजार, झाला का, आणि अशा स्वभावाचा मुलगा यातून बाहेर येईल का, हा तुझा प्रश्न मी आठवडाभर पर्वतीच्या पायऱ्या चढताना घोळवत होतो. मी डॉक्टर नाही. पण या वाटेने मी स्वतः गेलो आहे, म्हणूनच तू मला विचारलेस हेही मला कळते.

हळवेपणाचा संबंध आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नेदरलँड्समध्ये सर्वसाधारण लोकांची वर्षानुवर्षे पाहणी करून 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांचा स्वभाव मुळात चिंता करण्याचा, मनाला लावून घेण्याचा होता आणि ज्यांना स्वतःविषयी फारसे बरे वाटत नव्हते, त्यांच्यात पुढे सायकोसिसची लक्षणे उद्भवण्याचे प्रमाण अधिक होते. मात्र धोका वाढणे वेगळे आणि कारण असणे वेगळे. मनाला लावून घेणारी माणसे आपल्या पेठेत डझनाने सापडतील, आणि त्यांतली बहुतेक फार तर पित्ताच्या गोळ्या घेतात.

एकलकोंडेपणाबाबत मात्र सावध राहा. आजार उघड होण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस मिटू लागतो. त्यामुळे घरचे मागे वळून ज्याला स्वभाव म्हणतात, तो पुष्कळदा आजाराचाच पहिला टप्पा असतो. क्रेचमर नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने तर 1921 मध्ये अंगकाठीवरून स्वभाव आणि स्वभावावरून आजार ताडण्याची पद्धत मांडली होती. आज तिला कोणी विचारत नाही, नातेवाईक सोडून.

मला माझ्यापुरते जे ठामपणे सांगता येते ते असे, की स्वभावाने आजार आणला नाही, पण आजाराचे रूप ठरवले. तेव्हा मी सहकारी बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षणात होतो. झोप जवळजवळ उडालेल्या त्या तीन आठवड्यांत मी गॅलरीत बसून जाणाऱ्या स्कूटरांचे एमएच-12 चे नंबर दोनशे पानी वहीत उतरवत असे. तारीख, वेळ, नंबर आणि आकड्यांची बेरीज असे चार रकाने पट्टीने आखलेले, आणि बेरीज नऊ आली की लाल पेन्सिलीची टिक. संशय आजाराचा होता, रकाने माझे होते. रुग्णालयात शेजारच्या खाटेवर कीर्तनकार घराण्यातले एक गृहस्थ होते. त्यांच्याशी प्रत्यक्ष विठ्ठल बोलत असे, आणि माझ्या वाट्याला मात्र बेरजा आल्या, याचा मला पुढे बरे झाल्यावर थोडा हेवाही वाटला.

बरे होण्याविषयी मॅकग्लॅशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये दोन तऱ्हा वर्णन केल्या आहेत: काही जण झाल्या प्रकारावर झाकण घालून जणू काही घडलेच नाही असे वागतात, तर काही जण तो अनुभव आपल्या आयुष्याशी जोडून पाहतात. झाकण घालणारे उपचारांत कमी टिकतात, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. पण ही तऱ्हा जन्माची नसते, ती बदलते. मी दोन वर्षे झाकणच घातले. काटेकोर माणसाच्या हिशेबात चूक राहिली ही लाज इतकी होती, की गोळ्या म्हणजे त्या चुकीची रोजची पावती वाटे. त्या मी मनानेच बंद केल्या आणि चार महिन्यांत पुन्हा आजारी पडलो. त्यानंतर हिने, काही न बोलता, एक कोरी वही आणि पट्टी माझ्यापुढे ठेवली. त्या वहीत झोपेचे तास, गोळी आणि त्या दिवशी कोणाचा संशय आला, एवढेच मी लिहितो. झोप सलग तीन रात्री पाच तासांखाली गेली, की डॉक्टरांना फोन करायचा, असे आमचे ठरले आहे. शुभार्थींच्या, म्हणजे या आजारातून जाणाऱ्यांच्या, बैठकीत मी हे सांगितले तेव्हा एक चित्रकार मुलगी हसून म्हणाली, "मला वही दिली असती तर मी पळून गेले असते." ती आपले भास रंगवते, अर्थात गोळ्या सांभाळून.

म्हणून भाच्याला "मन घट्ट कर" असे कोणी सांगू नये, आणि माझी वहीही त्याच्यावर लादू नये. घरातल्या आवाजाचा चढ-उतार तो इतरांआधी टिपतो, असे तूच लिहिले आहेस. मग स्वतःतला बदलही तो लवकर टिपू शकेल, पण तो सांगितल्यावर घरात गोंधळ माजणार नाही याची त्याला खात्री हवी. ते काम शुभंकरांचे, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्यांचे, तुझे आणि ताईंचे आहे.

पहिली वही तू मागितली आहेस, ती मी पाठवणार नाही. जानेवारीत त्याला घेऊन ये. पाहावीशी वाटली तर मी शेजारी बसून दाखवीन. तिच्यातली शेवटची नोंद माझ्याच स्कूटरची आहे, लाल टिकेसह.

तुझा,
वसंत