काळी फरशी आणि ॲसिडची बाटली

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की जळगाव-भुसावळपासून धुळ्यापर्यंत संडासच्या ॲसिडच्या बाटल्या घरोघरी येतात आणि त्यातले बरेचसे ॲसिड स्वयंपाकघराच्या फरशीवर ओतले जाते. जुन्या घरांत ओट्याखाली, फ्रीजमागे, भिंतीलगत जो पिवळट-काळा थर दिसतो, तो फरशीचा रंग नव्हे. जुने न काढता वर्षानुवर्षे एकावर एक चढवलेले ते मेणपॉलिश असते. त्यात फोडणीचा धूर आणि धूळ मुरलेली. मेणाला ॲसिड काहीही करत नाही. शहाबादी, कोटा आणि मोझॅकमधली संगमरवरी खडी मात्र चुन्याच्या जातीची, तिला ते खाते. थर विरळ असेल तिथे फरशी फसफसते, खडबडीत होते आणि पुढे दुप्पट मळ धरते. त्याच फरशीवर कोणी ब्लीचिंग पावडरही टाकली, तर क्लोरीन वायू सुटतो. तो जिवावर बेतू शकतो.

आधी थर ओळखावा. कोपऱ्यात जुने एटीएम कार्ड ओढले आणि भुरकट साल निघाली, तर ते मेण. मग पांढऱ्या चिंधीवर टर्पेंटाइन घेऊन घासावे. चिंधी लगेच मळकट तपकिरी झाली तर डब्यातले घट्ट पॉलिश. नाही झाली तर बाटलीतले पातळ पॉलिश असण्याचा संभव जास्त, ते सोड्याने सुटते. लाल कोब्यावर, म्हणजे सिमेंटच्या घोटीव लाल जमिनीवर, चिंधी लाल होते, त्याने घाबरू नये. बहुतेकदा तो रंग लाल पॉलिशचाच असतो.

सोड्याचे प्रमाण: ५ लिटर कढत पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा. खायचा सोडा यासाठी फार सौम्य पडतो. हातात रबरी मोजे घालून एका वेळी २ बाय ३ फुटांचाच तुकडा ओला करावा आणि १० मिनिटे ओलाच राहू द्यावा. काम बिघडते ते इथेच. आपल्याकडच्या कोरड्या हवेत, त्यात वर पंखा चालू, पाणी बघता बघता सुकते आणि सुटलेला थर पुन्हा जागेवर चिकटतो. पंखा बंद ठेवावा, सुकू लागले की वरून आणखी शिंपडावे. मग काथ्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने घासावे. तारेची घासणी नको. तिचे तुकडे सांध्यात अडकून गंजतात आणि तो डाग मेणापेक्षा चिवट. कोब्यावर सोडा निम्मा घ्यावा.

घट्ट मेणाला टर्पेंटाइनच लागते. पूर्वी रॉकेल वापरत, पण ते मागे तेलकटपणा ठेवते. गॅसचा रेग्युलेटर बंद, देवघरातला दिवा विझवलेला, फ्रीजची पिन आधीच काढलेली आणि दारे-खिडक्या सताड उघड्या, एवढे झाल्याशिवाय झाकण उघडू नये. चिंधी भिजवून ५ मिनिटे थरावर ठेवायची, मऊ झालेले मेण प्लास्टिकच्या पट्टीने ओढायचे. मे महिन्याच्या दुपारी हे काम काढू नये. उन्हाने मेण आधीच मऊ पडलेले असते. ते खरवडले जात नाही, नुसते फासले जाते.

निघालेला चिखल मोरीत लोटू नये. गार झाला की मेण जाळीखाली थिजते आणि नंतर प्लंबरला बोलवावे लागते. वखारीतला लाकडाचा भुसा टाकून सुपडीने उचलावा. टर्पेंटाइनच्या चिंध्या अंगणात पसरून वाळवाव्यात, बंबात घालू नयेत.

शेवटी साध्या पाण्याने तीनदा पुसावे. वाळल्यावर पांढरी झाक आली तर ते मेण नव्हे. सोडा राहिला असेल किंवा बोअरचे जड पाणी असेल. आरओमधून वाया जाणारे पाणी फरशीला वापरायची पद्धत पडली आहे, त्यात क्षार उलट जास्त असतात. नवे पॉलिश लावायचेच असेल तर फरशी एक दिवस वाळू द्यावी, पातळ हात द्यावा आणि अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने घोटावे. ओट्यासमोर मात्र लावूच नये. तिथे तेल सांडते, पाय घसरतो.

आपले,
फरशी घासाई व पॉलिश कारागीर, जळगाव