लॅपटॉपचा कायमचा पत्ता

नेरूळ
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

ठाण्याहून गाडी लगेच मिळाली, दहाच्या आत घरी पोचले. निघायच्या गडबडीत लॅपटॉपचं अर्धंच सांगून झालं, म्हणून हे पत्र. बाबा, हे तुमच्या वहीत चिकटवून ठेवा.

सगळ्यात आधी हे सांगते की तुमच्या हातून काहीही चुकत नव्हतं. मावशीच्या कॅसेटी उतरवून लॅपटॉपवर ठेवल्यात, आणि टीव्ही ते अभंग वायफायवरून लॅपटॉपकडून घेऊन लावतो. गेले चार महिने ते लागेनासे झाले की तुम्ही म्हणायचात, "माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल." मीही फोनवर "नीट आठवून बघा ना" म्हणत राहिले. त्याचं मला आज फार वाईट वाटलं. आणि आई, तू दर वेळी "राहू दे गं, नंतर ऐकेन" म्हणून आत निघून जायचीस. मावशीचा आवाज आता त्या कॅसेटींशिवाय कुठे उरलाय?

कारण सापडलं ते बाबांच्या वहीमुळे. निळ्या शाईत तारीख, पुढे "टीव्हीला लॅपटॉप सापडत नाही", आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात, "दुपारी लाइट गेली होती." अशा सहा नोंदी, त्यांतल्या पाचांच्या समासात लाइटचा उल्लेख. ते वाचलं आणि मला एकदम उलगडा झाला.

बाबा, तुम्ही पोस्टात सॉर्टिंग केलंत, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. आपल्या घरातल्या वायफायवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. तो पत्ता वायफायचा डबा, म्हणजे राउटर, वाटून देतो, आणि त्या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. वाटलेला पत्ता कायमचा नसतो, काही वेळापुरता असतो. लाइट जाऊन आली की आपला राउटर आधीचं वाटप विसरतो. तुमचा लॅपटॉप त्या वेळी बंद. तेवढ्यात टीव्ही आणि फोन नवे पत्ते घेऊन बसतात, आणि लॅपटॉपला उरलेल्यांतला एखादा मिळतो. टीव्हीवर गाणी लावायचं जे व्हीएलसी अ‍ॅप आहे, त्यात मात्र लॅपटॉपचा जुना पत्ता लिहिलेला, १९२.१६८.१.७. आज बघितलं तर तो शेवटचा ७ आईच्या फोनकडे होता आणि लॅपटॉप ४ वर. टीव्ही बिचारा आईच्या फोनकडे अभंग मागत होता.

म्हणून आता लॅपटॉपला पत्ता नेमून दिलाय: १९२.१६८.१.५०. राउटरला सांगितलंय की तू १०० ते २०० एवढेच आकडे वाटायचे. ५० त्याच्या वाटपाबाहेर राहिला, त्यामुळे तो दुसऱ्या कोणाला जाणार नाही. हे महत्त्वाचं, कारण एकच पत्ता दोन यंत्रांकडे गेला तर दोघांचंही चालणं बिघडतं.

तुम्ही मला लहानपणी शिकवलेलं आठवतंय, १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकरांनी केली. तुमचा नौपाड्याचा ४००६०२, माझा नेरूळचा ४००७०६. पहिले तीन आकडे दोघांचे सारखे, पुढच्या तिनांवरून टपाल कुठल्या पोस्टात जायचं ते ठरतं. इथेही तसंच आहे. १९२.१६८.१ हा भाग घरातल्या सगळ्या यंत्रांना सारखा, शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. पत्त्यातला सामाईक भाग कुठे संपतो ते सबनेट मास्क सांगतो, आपल्याकडे २५५.२५५.२५५.०. माझ्या घरीही आकडे १९२.१६८.१ नेच सुरू होतात, पण त्यात गोंधळ होत नाही. हे पत्ते घरातल्या घरात वापरायचे, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. प्रत्येक बिल्डिंगमध्ये खोली नंबर १२ असतेच ना, तसं.

कधी पुन्हा भरायची वेळ आली तर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग हार्डवेअर प्रॉपर्टीज उघडा. तिथे आयपी असाइनमेंटसमोर (आयपी म्हणजे हाच पत्ता) एडिट दाबून मॅन्युअल निवडा आणि आयपीव्ही४ चालू करा. पत्ता आणि मास्क वर लिहिलेत तेच. गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१. डीएनएसच्या जागीही तोच टाका. आज मी डीएनएस रिकामा ठेवला होता, तर टीव्हीवर अभंग लागले पण लॅपटॉपवर एकही वेबसाइट उघडेना. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता काढून देणं हे डीएनएसचं काम, म्हणून ती जागा सोडू नका.

लॅपटॉप पुण्याला दादाकडे नेलात तर त्याच ठिकाणी मॅन्युअलऐवजी ऑटोमॅटिक करा, नाहीतर तिथे इंटरनेट लागेलच असं नाही. घरी आलात की परत मॅन्युअल. एरवी हात लावायची गरज नाही. लाइट गेली तर आल्यावर लॅपटॉप सुरू करा, दोन मिनिटं थांबा आणि आईला हाक मारा.

आई, संध्याकाळी अभंग लागला तेव्हा तू भाजी निवडता निवडता थांबलीस आणि मावशीच्या मागोमाग हळूच धरलंस. मी दारातूनच बघत होते, आत आले नाही. तुझा आवाज अजून तस्साच लागतो गं. औषध घेतल्यावर कोमट पाणी पीत जा.

बाबा, वहीतल्या नोंदी बंद करू नका. अभंग नीट लागले तरी तारीख लिहा, समासासकट. आणि ती लाल पट्टीची एक कॅसेट उतरवायची राहिली आहे, तिची फीत एका जागी चुरगळलीय. एकट्यानं ओढू नका. पुढच्या रविवारी मी येते, आपण दोघं मिळून करू.

तुमची,
लेक